आधी माणसं मोजावीत

जानेवारीतली पहाट होती. भूम-परंड्याकडच्या एका माळाच्या कडेला ज्वारी हुरड्याला आली होती आणि तिच्या पलीकडच्या पडीक रानात काळविटांचा कळप उतरतो, हे मला आदल्या संध्याकाळी कळलं होतं. अंगात मातकट सदरा, डोक्याला मातकट टोपी, गळ्यात कॅमेरा. वारा कळपाकडून माझ्याकडे येत होता, म्हणजे माझा वास त्यांच्यापर्यंत जाणार नव्हता. बांधाच्या आडोशाने कधी वाकून, कधी गुडघ्यांवर, कधी कोपरांवर मी पुढे सरकत होतो. ज्वारीची पानं खांद्याला घासत होती, दवाने बाह्या भिजल्या होत्या. हरणाच्या मागावर कसं जावं याबद्दल जे जे शिकलो होतो ते सगळं मी पाळत होतो. तेवढ्यात कानाजवळून काहीतरी सूंऽ करत गेलं आणि पुढच्या बांधावर आदळलं.

गोफणीचा दगड होता तो. बांधाच्या ओल्या मातीत अर्धा रुतला होता. मुठीत मावेल एवढा, गुळगुळीत, ओढ्यातून निवडून आणलेला.

"कोन हाय रं तकडं?" माळ्यावरून हाळी आली. मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो. रात्रभर जागलीला बसलेला शेतकरी घोंगडं सावरत खाली उतरला. ज्वारीची ताटं हलताना दिसली, डुक्कर शिरलं असं त्याला वाटलं. माझ्यापेक्षा तोच जास्त हादरला होता. त्याच्या हातातली गोफण थरथरत होती. "अवो, हाळी तरी द्यायची," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. "रानात मानूस हाय का जनावर, आमाला काय कळावं?"

त्याचं बरोबर होतं. हरणांचा वारा, हरणांची नजर, हरणांचे कान, सगळ्यांचा हिशेब मी केला होता. त्या रानात आणखी कोण कोण माणसं आहेत याचा केला नव्हता. आणि मला जनावरांपासून लपवणारी प्रत्येक गोष्ट, मातकट कपडे, वाकलेली चाल, गप्प राहणं, मला माणसांपासूनही लपवत होती. या प्रकरणात मला बोलायचं आहे ते एवढ्याच गोष्टीबद्दल. जनावराचा माग काढणारा माणूस रानात जवळजवळ कधीच एकटा नसतो. बाकीच्या माणसांशी त्याने कसं वागावं याचे काही रिवाज जगभर तयार झाले आहेत. आपल्याकडे तर ते फार जुने आहेत.

किती जुने, ते आपल्याच गोष्टींतून दिसतं. अंधाऱ्या रात्री शरयूच्या काठी दशरथ शिकारीला बसला होता. पाण्यात घडा बुडताना बुडबुड आवाज झाला आणि हत्ती पाणी पितोय असं समजून त्याने आवाजाच्या रोखाने बाण सोडला. शब्दवेधी बाण ही त्याची कीर्ती होती. पलीकडे आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणारा श्रावण होता. महाभारताच्या शेवटी, प्रभासक्षेत्री झाडाखाली पहुडलेल्या कृष्णाचा पाय जरा नावाच्या व्याधाला हरणासारखा दिसला आणि त्याने बाण मारला. एकाने नुसत्या आवाजावर सोडला, दुसऱ्याने शरीराचा एक तुकडा पाहून. दोघेही नवशिके नव्हते. एक निष्णात धनुर्धर राजा, दुसऱ्याचा तर धंदाच शिकारीचा. लहानपणी या गोष्टी ऐकताना आपण शापाकडे आणि नियतीकडे पाहतो. मी आता त्या शिकारीतल्या अपघातांच्या नोंदी म्हणून वाचतो, आणि त्या इतक्या अचूक आहेत की सांगणाऱ्यांनी असले अपघात जवळून पाहिले असावेत असं वाटत राहतं.

कारण ते आजही तसेच्या तसे घडतात. २०२५ च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली होती. झाडीत हालचाल झाली, बार झाला, आणि मेला तो त्यांच्यातलाच माणूस. घाबरलेल्या सोबत्यांनी त्याचा मृतदेह झाडीत दडवला. बेपत्ता माणसाचा शोध लागून सगळं उघडकीला यायला काही दिवस गेले. ती शिकार मुळात बेकायदा होती, म्हणून मदतीसाठी हाक मारायची सोयही त्यांना राहिली नव्हती. चोरून केलेल्या शिकारीत धोका दुप्पट होतो तो असा. अपघात होतो तेव्हा कोणी ओरडत नाही, दवाखाना गाठत नाही, पोलिसांना कळवत नाही.

अशा वेळी डोक्यात काय होतं हे समजून घेतलं पाहिजे. तासभर दबा धरून बसलेल्या माणसाला जनावर हवं असतं. थंडी वाजत असते, पाय आखडलेले असतात, उजेड पुरेसा नसतो. झुडूप हललं की मन आधी जनावर ठरवून टाकतं आणि डोळा मग त्याला शिंगं चिकटवतो. माझ्या शेतकऱ्याने हलणारी ताटं पाहून डुकराची पाठ पाहिली होती. तो खोटं बोलत नव्हता, त्याला ती खरंच दिसली होती. म्हणून जगभरच्या शिकाऱ्यांचा पहिला नियम आहे की आवाजावर नाही, हालचालीवर नाही, रंगावर नाही. पूर्ण जनावर दिसलं, डोकं, मान, खांदा, पाय असं ओळखून दिसलं, तरच बोट चापावर.

आणि दुसरा नियम त्याला लगटूनच आहे. जनावराच्या मागे काय आहे ते पाहा. नेम चुकला तर गोळी कुठे जाईल, लागून आरपार गेली तर कुठे जाईल. डोंगराळ मुलखात बहुतेकदा मागे उतार असतो, तो गोळी गिळतो. धाराशिवच्या माळावर तसं काही नसतं. बालाघाटच्या रांगा सोडल्या की जमीन ताटासारखी पसरलेली. मधे एखादी बाभळ, एखादा बांध, बस्स. पॉइंट टू-टूची चिमुकली गोळी, जिला लोक खेळण्यातली समजतात, तीसुद्धा दोन किलोमीटरपेक्षा लांब जाऊ शकते; काडतुसांच्या खोक्यावर तशी ताकीद छापलेली असते. मोठ्या रायफलीची गोळी त्याच्या दुप्पट अंतर सहज कापते. माळावरचं हरीण क्षितिजाच्या रेघेवर उभं असतं आणि त्या रेघेपलीकडे मेंढरं असतात, वस्ती असते, रस्ता असतो. शिवाय आपली जमीन काळ्या पाषाणाची आणि कडक मुरमाची. तिच्यावर तिरकी आदळलेली गोळी उसळते आणि मग ती कुणीकडे जाईल हे बंदूकवाल्यालाही सांगता येत नाही.

हे फक्त अडाणी किंवा चोरट्या शिकाऱ्यांचं होतं असं कोणी समजू नये. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टेक्ससमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. सगळं कायदेशीर, सोबत अनुभवी मंडळी, अंगात भडक नारिंगी कपडे. त्यांचे ७८ वर्षांचे वकील सहकारी पडलेला पक्षी शोधायला मागे राहिले आणि न सांगता रांगेत परत येत होते. पक्षी उडाला, चेनी त्याच्याबरोबर गर्रकन वळले, समोर मावळता सूर्य होता, आणि छर्रे त्या सहकाऱ्याच्या तोंडात, मानेत, छातीत घुसले. ते वाचले. पण या एका क्षणात तीन रिवाज मोडले होते. रांग सोडून गेलेल्याने परत येताना आवाज द्यायचा असतो. रांगेतल्या प्रत्येकाला समोरचा ठरावीक पट्टा असतो आणि बंदूक त्याबाहेर फिरवायची नसते. आणि डोळ्यांवर ऊन असेल तर बार टाकायचा नसतो. आपल्याकडच्या जुन्या हाक्याच्या शिकारीतही हे ठरलेलं असे. हाकारे डबे वाजवत, आरोळ्या देत येत, ते जनावर उठवण्यासाठी तर होतंच, पण आपण कुठे आहोत हे बंदूकवाल्याला कळत राहावं यासाठीही होतं.

इथवर झालं ते जिवाचं. पण शिकाऱ्यांमध्ये त्याहून जास्त वेळा भांडण होतं ते हक्काचं. जनावर कोणाचं?

याचीही आपल्याकडे एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. वनवासात अर्जुन तप करत असताना मूक नावाचा असुर रानडुकराचं रूप घेऊन त्याच्या अंगावर आला. अर्जुनाने बाण सोडला, त्याच क्षणी समोरून एका किराताने सोडला. दोन बाण, एक डुक्कर. मग दोघांचं जुंपलं. मी आधी नेम धरला होता, असं दोघेही म्हणतात. अर्जुन त्याला सुनावतो की तू जे केलंस ते मृगयाधर्माला धरून नाही. मृगयाधर्म हा शब्द तिथे येतो, शिकारीचा रिवाज या अर्थाने. किरात म्हणजे साक्षात शंकर निघाला, अर्जुनाला पाशुपतास्त्र मिळालं आणि गोष्ट गोड झाली. पण रानावनात असं भांडण सहसा गोड होत नाही, म्हणून ज्यांचं पोट शिकारीवर होतं त्यांनी ते उद्भवूच नये अशी व्यवस्था केली होती.

ती व्यवस्था आपल्याच कोरडवाहू पट्ट्यात होती. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास करून तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं: एकाच मुलखात फासेपारधी, वैदू आणि तिरमल नंदीवाले फिरत, पण एकमेकांच्या आड येत नसत. फासेपारधी फाश्यांनी काळवीट, तितर, लावे धरत. वैदूंचा भर लहान मांसाहारी प्राण्यांवर आणि पाण्यातल्या जिवांवर. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. म्हणजे रान एकच, पण जनावरं वाटून घेतलेली आणि हत्यारंही वेगळी. एवढंच करून ते थांबले नव्हते. एकाच जमातीतल्या कुटुंबांनी गावंही वाटून घेतली होती. नंदीवाल्यांच्या कोणत्या भावकीने कोणत्या गावांत फिरायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, आणि दुसऱ्याच्या गावात घुसणाऱ्याची तक्रार जातपंचायतीपुढे जाई. पावसाळ्यात ही मंडळी इंदापूर तालुक्यातल्या वडापुरीला जमत, तेव्हा असले तंटे सुटत.

अमेरिकेतल्या डोंगरांत आज एकाच खोऱ्यात पाच शिकारी पोहोचले तर कोणी आधी गाडी लावली, कोणी आधी चढायला सुरुवात केली यावर समजूतदारपणे वाटा ठरतात, नाहीतर बाचाबाची होते. परवाना सगळ्यांकडे सारखाच, डोंगर कोणाच्याच नावावर नाही. आपल्या भटक्यांनी तोच प्रश्न घरातच, माणूस रानात जायच्या आधीच सोडवून ठेवला होता. मला यात मोठी बुद्धी दिसते.

फासेपारध्यांच्या पद्धतीकडे थोडं जवळून पाहू. काळविटाला फासा लावायचा तर तात वळावी लागे, जनावरांच्या स्नायूंपासून केलेली चिवट दोरी. अशा फाश्यांची लांबच्या लांब ओळ कळपाच्या नेहमीच्या वाटेवर जमिनीलगत मांडायची, खुंट्या ठोकायच्या, माती सारखी करायची. मग कळपाला त्या बाजूला वळवायचं. वळवायचं, पळवायचं नाही. पळणारं काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग घेतं आणि एका झेपेत फासे ओलांडून जातं. म्हणून घरातली माणसं दूर दूर उभी राहून, हळू चालत, मधूनच थांबत कळपाला फक्त थोडं अस्वस्थ करत. कधी शिकवलेल्या बैलाच्या आडून जवळ जात, कारण बैलाला हरीण भीत नाही. कोल्हापूर संस्थानात चित्त्याला छकड्यात बसवून काळविटांजवळ नेत ते याच कारणाने. बैलगाडी हा माळाचाच भाग असतो.

फाश्याचा एक गुण बंदुकीत नाही. फासा जनावर जिवंत धरतो, आणि म्हणून सोडताही येतं. गाडगीळ-मल्होत्रांनी नोंदवलं आहे की फाश्यात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर फासेपारधी तिला मोकळी करत. महाभारतात याचंही प्रतिबिंब आहे. हरणाच्या जोडप्याला पांडूने बाण मारला आणि ते हरीण किंदम ऋषी निघाले. मरताना ऋषी म्हणतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: हरीण मारलंस याबद्दल माझी तक्रार नाही, राजे मारतातच. पण जोडप्याच्या मीलनाच्या क्षणी मारलंस, थोडं थांबायला हवं होतंस. आजची कुठलीही वनव्यवस्था शिकारीला हंगाम बांधून देते तेव्हा हेच म्हणत असते.

ज्या लोकांकडे हे ज्ञान होतं त्यांच्यावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारत नेला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र अजून पुसला गेलेला नाही. माळावर एखादं हरीण मेलेलं सापडलं की पहिलं बोट पारध्यांच्या वस्तीकडे जातं. जीपमधून, दिव्याच्या झोतात, बंदुकीने रातोरात कळप कापणारे कोण होते हे विचारायला मात्र कोणी गेलं नाही. काळविटांचे कळप आटले ते याच काळात, बंदुका आणि गाड्या सगळ्यांच्या हाती आल्यावर. तेव्हा कोणाचं गाव, कोणाचं जनावर हे ठरवणारं कोणी उरलंच नव्हतं.

पारध्यांची आणखी एक युक्ती आज सातासमुद्रापलीकडचा धोका समजायला उपयोगी पडते. पाळलेलं, माणसाळलेलं काळवीट ते रानात सोडत. आपल्या हद्दीत परका नर आला म्हणून तिथला नर चालून येई आणि फसे. उत्तर अमेरिकेतला एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण. सप्टेंबरच्या सुमाराला त्यांचा माजाचा काळ असतो. नर शिट्टीसारखी लांब आरोळी ठोकतो. शिकारी नळीतून तीच आरोळी काढतो आणि चिडलेल्या नराला जवळ बोलावतो. पण त्याच खोऱ्यात दुसरा शिकारी असेल तर? तो ती आरोळी ऐकून वाऱ्याचा अंदाज घेत, पाऊल न वाजवता तिच्याकडे सरकू लागतो. हळूहळू दोन माणसं एकमेकांची शिकार करत जवळ येतात, आणि दोघांनाही समोर एल्कच आहे असं वाटत असतं. पुन्हा दशरथच. म्हणून तिथला रिवाज असा की आरोळीचं उत्तर माणसाचं आहे अशी नुसती शंका आली तरी हात हलवायचा नाही, शिट्टी वाजवायची नाही, सरळ माणसाच्या आवाजात मोठ्याने बोलायचं. हलणारा हात झुडपाआडून शिंगासारखा दिसतो. माणसाचं बोलणं दुसऱ्या कशासारखं ऐकू येत नाही.

तिथे बऱ्याच राज्यांत बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी कपडा सक्तीचा आहे. कोलोरॅडोत तो किमान ५०० चौरस इंच, म्हणजे साधारण सव्वातीन हजार चौरस सेंटीमीटर, कमरेच्या वर दिसला पाहिजे आणि डोक्यावरही पाहिजे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मग हरणाला तो दिसत नाही का? दिसतो, पण आपल्याला दिसतो तसा नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणांच्या डोळ्यात दोनच. नारिंगी आणि हिरवा त्यांना जवळजवळ सारखेच वाटतात. हरणं टिपतात ती हालचाल, वास आणि आकाशावर उठून दिसणारी आकृती. हे कळल्यावर मला आपल्या माळावरचा धनगर आठवला. लाल पागोटं, खांद्यावर काळी घोंगडी. अर्ध्या कोसावरून माणसाला ओळखू येतो आणि हरणं त्याच्या मेंढरांपासून शंभर पावलांवर चरत असतात. त्या पहाटेनंतर मी मातकट टोपी ठेवून दिली. आता डोक्याला भगवा पंचा बांधतो. एकही कळप त्यामुळे बिचकलेला नाही.

आज आपल्याकडे काळविटाच्या मागे जाणाऱ्याच्या हातात कॅमेराच असू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं हेही तिच्यात येतं. फोटोसाठी कळपामागे मोटारसायकल घालणारा, किंवा हरणं उडताना दिसावीत म्हणून टाळ्या पिटत धावणारा स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत असेल, कायद्याच्या भाषेत मात्र तो शिकारीच्या फार जवळ उभा आहे. मला हे वर्तन मनापासून खटकतं, आणि ते मी लपवत नाही.

कारण उडालेला कळप कुठे जातो हे पाहायला तो थांबत नाही. माळाच्या कडेला कठडा नसलेल्या विहिरी असतात. हरणं घाबरून पळताना त्यांत पडतात आणि मग गाव दोर, जाळी, खाट घेऊन धावतं. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करत बीडकडे जाणारा महामार्ग आता रुंद आणि वेगवान झाला आहे. कळप तिकडे वळला तर जनावरं मरतात आणि दुचाकीवरची माणसंही. नुकतं जन्मलेलं पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून असतं, आई दूर चरते आणि पाजायला येते. आपण मधे बसून राहिलो तर ती येतच नाही. "आईने टाकलंय" म्हणून असं पाडस उचलून गावात आणणारे भले लोक त्याला खरोखर पोरकं करतात.

आणि माळावर दुसरा कोणी आधीपासून बसलेला असेल तर त्याचा मान ठेवायचा. तासभर लपणात बसलेल्या माणसाकडे कळप हळूहळू सरकत असतो. आपण त्याच्या पुढून, वाऱ्याच्या वरच्या अंगाने चालत गेलो की त्याचा तास मातीत जातो. जुने शिकारी अशा वेळी लांबून वळसा घालत, किंवा जिथे दिसले तिथेच खाली बसत. कोणाचा माग असेल तर त्यावर पाय टाकत नसत. कॅमेरेवाल्यांनी एवढं तरी उचलावं.

जागलीच्या रानांत तर न विचारता जाऊच नये. गोफणीचा दगड चुकला तर चुकला. डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत चोरून सोडलेली वीज चुकत नाही. तिने शेतकरी मेलेत, मजूर मेलेत, शेजारच्या वावरातली पोरं मेलीत. पीक खाल्लं जाण्याचं दुःख खरं आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरती वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारण्याची वाट सरकारने ठेवली आहे ती त्यासाठीच. पण अंधारातली उघडी तार कोण आलंय ते विचारत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यांत एक वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरातून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला तरुण नर. अभयारण्याचा पसारा जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचा, भोवती गच्च शेतीवाडी. वनखात्याने त्याला पकडायला पथकं आणली. वाघ दिसावा म्हणून माणसं गाड्या घेऊन फिरू लागली. तेव्हापासून या पट्ट्यात माग काढणाऱ्याने मोजायच्या यादीत आणखी एक नाव वाढलं आहे, आणि वाकून, गुडघ्यांवर, झुडपाआडून सरकणारा माणूस वाघाला कसला दिसत असेल याचा विचार केल्यापासून मी रांगत जाणं सोडून दिलं आहे. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा त्याच माळावर गेलो. उजाडायच्या आधी बांधावर उभं राहून आधी माणसं मोजली. माळ्यावर बॅटरीचा उजेड, म्हणजे जागल्या जागा आहे; त्याला हाळी दिली, त्याने हाळी दिली. ओढ्याकडे चुलीचा धूर आणि कुत्र्याचं भुंकणं, म्हणजे धनगरांचा वाडा. तिकडे गेलो. म्हाताऱ्याने घोंगडीवर जागा करून दिली.

"हरनं बगाय आलाव? बसा की. पर खालच्या अंगाला जाऊ नका," तो म्हणाला. "बार्शीचं एक पोरगं झुडपात बसलंय चार वाजल्यापास्नं. हरनं त्याच्याकडंच निगालेत."

मग आम्ही तिथेच बसलो. तांबडं फुटलं तसा कळप दिसला, सोळा-सतरा माद्या आणि मागे एक काळाभोर नर, मान मागे टाकून, शिंगं पाठीला लावून चालणारा. तो एका बोरीच्या काटकीपाशी थांबला, डोळ्याखालची ग्रंथी तिच्यावर सावकाश घासली, आणि पुढे निघाला, त्या पोराच्या दिशेने. माझ्यापासून कळप फार लांब होता. कॅमेरा मांडीवरच राहिला. म्हातारा मेंढरं सोडायला उठला होता, तो पुन्हा खाली बसला.

"त्याचं हुंदे," तो म्हणाला. "मेंढरं काय, मागनं सोडता येतेत."